शाळा बंद, आईची शाळा सुरू

‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे वाक्य महाराष्ट्राने २०२० साली इतक्यांदा ऐकलं, की आता ते कानाला खटकतही नाही. तेव्हा साथ होती, दुसरा इलाज नव्हता आणि बहुतेक शिक्षकांनी जमेल ते मनापासून केलं. साथ ओसरली, वाक्य मात्र मुक्कामाला राहिलं. आता अतिवृष्टीचा इशारा आला, शाळेत मतदान केंद्र पडलं किंवा शिक्षकांचं प्रशिक्षण लागलं, की आदल्या रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडते. वर फुलाफुलांची चौकट, खाली वेळापत्रक. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी ‘घरी शिकण्याचा दिवस’.

माझं भांडण या कागदाशी आहे.

म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा कागद आज ज्या रूपात घरोघरी येतो, त्या रूपात तो मुलाला फारसं काही शिकवत नाही. शाळेचं काम तो आईच्या डोक्यावर ठेवतो आणि संध्याकाळी त्याच कामाचा फोटो शाळेच्या नावावर जमा करतो. जिथे आई त्या माध्यमात शिकलेली आहे, दिवसभर मोकळी आहे आणि कोपऱ्यात प्रिंटर आहे, तिथे तो खपून जातो. आपल्या बहुतेक घरांत तो घशात अडकतो. तरीही मोहल्ल्यातली शिकलेली पोरं, म्हणजे आपण इंजिनिअर, फार्मसीवाले, बी.एड. झालेले, यावर एक शब्द बोलत नाही. कागदावर ‘शिक्षण’ असं लिहिलेलं दिसलं, की आपली मान आपोआप डोलते. ती डोलवण्याआधी कागद नीट वाचावा, एवढ्यासाठी हा लेख.

कागदावर काय असतं

माझी मोठी बहीण इचलकरंजीत राहते. दुल्हाभाई यंत्रमागावर आहेत, बारा तासांची पाळी. आपा घरी शिलाई मशीनवर नगावर काम करते, म्हणजे जितके नग तितके पैसे. भाचा इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी शाळेत दुसरीत. गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी वाढलं, शाळेला सुट्टी जाहीर झाली आणि कागद आला. आपाने तो मला पाठवला आणि खाली आवाजात निरोप टाकला: “भाई, ये सब आजच करने का है क्या?”

‘ये सब’ म्हणजे काय ते ऐका. सकाळी नऊला प्रार्थना आणि व्यायाम. साडेनऊला इंग्रजी गोष्टीचा व्हिडिओ, लिंक सोबत. साडेदहाला गणिताची वर्कशीट, तीन पानं, रंगीत प्रिंट काढून घेणे. बारा वाजता हस्तकला: आइस्क्रीमच्या काड्या, कार्डशीट आणि चमकी वापरून घर बनवणे. एक वाजता ‘आईसोबत गॅसशिवाय एक पदार्थ’. अडीचला परिसर अभ्यास: ‘तुमच्या बागेतील पाच झाडांचे निरीक्षण करा’. साडेतीनला डायरी, पाच वाक्यं, इंग्रजीत. चार वाजेपर्यंत सगळ्याचे फोटो पाठवणे, कोलाज केल्यास उत्तम.

बाग! दोन खोल्यांचं घर, पुढे गटार, गटारापलीकडे कारखान्याची भिंत. त्यात धो धो पाऊस, म्हणून तर सुट्टी दिलेली.

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. ग्राहक सांगतो, तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलंय. प्रोग्रामर म्हणतो, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” हा विनोद नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात ऐकवतात, कारण त्यातला धडा महत्त्वाचा आहे: वापरणारा कोण, त्याच्या हातात काय आहे आणि तो कुठे बसून वापरणार, हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नये. घरी शिकण्याच्या दिवसाचा कागद ज्यांनी बनवला, त्यांच्या घरी तो चालत असेल. आपाच्या घरी चालतो का, हे त्यांनी विचारलं नाही.

तो चालायला काय काय लागतं, ते मोजू. एक, नऊ ते चार घरात थांबणारा स्मार्टफोन. आपाच्या घरात तो दुल्हाभाईंबरोबर पाळीवर जातो. दोन, प्रिंट. भर पावसात दुकान उघडं असेल तर रंगीत पानाला दहा रुपये, तीन पानांचे तीस. तीन, सामान. आइस्क्रीमच्या काड्या घरात आपोआप उगवत नाहीत. चार, कागदाची भाषा वाचू शकणारं माणूस. पाच, सात तास दुसरं कुठलंही काम नसलेलं माणूस. या पाचांपैकी एक गोष्ट जरी कमी पडली, तरी दिवस कोसळतो. आणि कागद जरी मुलाच्या नावावर असला, तरी दुसरीतलं मूल वेळापत्रक वाचून आपला दिवस चालवू शकत नाही. खरा कागद आईसाठी असतो. तो लिहिताना आईला मात्र कुणी विचारलेलं नसतं.

यापुढची गोष्ट मला जास्त टोचते. दिवस कोसळला तर शाळेच्या नोंदीत काय उरतं? ‘फोटो आला नाही.’ त्या नोंदीत पाऊस दिसत नाही, पाळीवर गेलेला फोन दिसत नाही, बंद झेरॉक्सवाला दिसत नाही. चार महिन्यांनी पालकसभेत त्याचा एकच अर्थ निघतो: पालक जागरूक नाहीत. आणि पालकाचं नाव शेख, मुल्ला, बागवान किंवा पठाण असेल, तर त्या वाक्याला आणखी एक शेपूट लागतं: तुमच्याकडे शिक्षणाचं महत्त्वच नाही.

हे शेपूट आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खोटं आहे, हे मोजून सांगितलेलंही आहे. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात दोन आकडे होते. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पंचवीस टक्के एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच सुटली होती. आणि शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी होती फक्त तीनेक टक्के. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. मुसलमानांना शाळाच नको आहे, ही समजूत त्यातल्या दुसऱ्या आकड्यासमोर टिकत नाही. आईबापांना शाळा हवी होती. गरिबी आणि शाळेची वानवा आडवी आली. वीस वर्षांपूर्वी शाळा घरापर्यंत पोचली नव्हती. आता तिचा कागद पोचतो आणि तोच आपल्या आयांविरुद्ध पुरावा बनतो.

चार तासांचे सात तास

आता कायदा पाहू. बालकांचा मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास दिले आहेत. भागाकार करा: दिवसाला चार तास. तेही शिक्षकाने, वर्गात. भाच्याच्या कागदावर नऊ ते चार, म्हणजे सात तास. शाळा भरते त्या दिवशी कायद्याची सरासरी चार, आणि शाळा बंद त्या दिवशी सात! हे गणित ज्यांना जमतं, त्यांनी मला समजावून सांगावं.

केंद्राच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नका असा आदेश दिला होता. म्हणजे दुसरीतल्या ज्या मुलाला गृहपाठ शून्य असायला हवा, त्याला एका दिवसात सात तासांचं काम. चौथीतल्या मुलाच्या साडेतीन आठवड्यांचा कोटा एका पावसात संपला. यावर शाळेचं उत्तर तयार असतं: हा गृहपाठ नाही, ही ‘कृती’ आहे. आईच्या घड्याळात दोन्हीला सारखाच वेळ लागतो.

आणि या सगळ्यातून शिकणं तरी होतं का? साथीच्या काळात आपण हा प्रयोग देशभर करून पाहिला आहे. महाराष्ट्रात प्राथमिकचे वर्ग मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नाहीत, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत त्याहून थोडे अधिक दिवस. त्या काळात लिंका आल्या, वर्कशीट आल्या, अ‍ॅप आली. नंतर ‘असर’च्या ग्रामीण सर्वेक्षणाने मुलांच्या हातात दुसरीचा उतारा दिला. २०१८ मध्ये देशातली तिसरीची २७.३ टक्के मुलं तो वाचू शकत होती. २०२२ मध्ये २०.५ टक्के. पाचवीत हेच ५०.५ वरून ४२.८ वर आलं. पुढे शाळा नियमित भरल्या, पायाभूत वाचनावर वर्गात भर दिला गेला, आणि २०२४ मध्ये तिसरीचा आकडा पुन्हा २७ टक्क्यांच्या आसपास आला. पीडीएफ पाठवून जे गेलं, ते वर्गात बसवून परत मिळवावं लागलं.

यात एक अपवाद मी आवर्जून नोंदवतो, कारण तो या लेखाच्या पुढच्या भागाला लागणार आहे. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. तिला लागत होता फक्त एक टीव्ही, आणि त्यातल्या कृती घरातल्या, अंगणातल्या वस्तूंनी करायच्या होत्या. ती बनवणाऱ्यांनी विचारलं होतं, की मुलाच्या हाताशी काय आहे? एवढ्या एका प्रश्नाने फरक पडतो.

“तेरे को नै आता”

आता जे सांगतो, ते कुठल्या सर्वेक्षणात येत नाही.

त्या दिवशी साडेतीनला डायरीची वेळ झाली. आपा मराठी नगरपालिका शाळेत आठवीपर्यंत शिकली. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी. भाच्याला इंग्रजीत पाच वाक्यं लिहायची होती. तिने एक वाक्य सुचवलं. तो वहीकडे बघत म्हणाला, “अम्मी, तेरे को नै आता, तू रहन दे.”

तो सात वर्षांचा आहे. त्याचा दोष काढू नका. कागदाने त्याला जे दाखवलं, तेच तो बोलला. सात तास त्याने पाहिलं, की शिकणं म्हणजे जे अम्मीला येत नाही ते. जे अम्मीला येतं ते या कागदावर कुठेच नव्हतं.

आणि अम्मीला काय येतं? कापडाचा तागा समोर आला, की किती नग निघतील, किती चिंधी उरेल हे ती तोंडी सांगते. चौतीस नगांचे पैसे दोन वेगवेगळ्या दरांनी धरून ठेकेदाराचा हिशेब ती उभ्या उभ्या तपासते, आणि चूक काढते. भागाकार, मापन, अंदाज, बेरीज-वजाबाकी: दुसरी ते पाचवीचं निम्मं गणित त्या शिलाई मशीनवर रोज होतं. त्या घरातली सगळ्यात चांगली गणिताची शिक्षिका तीच. कागदाने तिला कच्ची इंग्रजी शिक्षिका करून टाकलं, तेही तिच्या पोटच्या पोरासमोर. त्या दिवशी तिचे किती नग बुडाले, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

प्राथमिक शाळेचं पहिलं काम मुलाला घरापासून तोडण्याचं नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये म्हटलंय, की शिकवण्याचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावं. माध्यम आईबापांनी निवडलं, ठीक आहे. ती निवड का करावी लागते, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण शाळा स्वतःहून घरात शिरते, त्या एका दिवशी तरी तिने घराची भाषा बोलावी, ही अपेक्षा जास्त आहे का? दखनी असो, कोकणी असो, उर्दू असो की मराठी, मूल ज्या भाषेत भांडतं आणि स्वप्नं बघतं, त्या भाषेत एक गोष्ट सांगायला दिली तर कुठलं माध्यम बुडणार आहे?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे हे काम कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली. साधनं तिथलीच: बिया, शंख, पानं, काटक्या. तेव्हा शिक्षिका चालत मुलाच्या दारात गेली. आज दारात पीडीएफ येते आणि आईनेच शिक्षिका व्हायचं असतं.

मग घरी शिकूच नये?

अगदी शिकावं. घरी शिकण्याला माझा विरोध नाही. घरात शाळेची नक्कल करण्याला आहे. मला नुसती टीका करून उठायचं नाही, म्हणून दुसरीतल्या मुलाचा एक दिवस इथे मांडतो. प्रिंट नाही, नेट नाही, आईने जागचं उठायचं नाही. एकूण वेळ जेमतेम तास-सव्वा तास, तोही तुकड्यातुकड्यांनी.

पहिली कृती: काडेपेटीतल्या काड्या किंवा घरात जे सुटं असेल ते, बटणं, तुरीचे दाणे. दहा-दहाचे गठ्ठे करायचे. किती गठ्ठे, किती सुटे? तोच दशक-एकक. मग अम्मीचे आज किती नग झाले ते विचारून तेवढे गठ्ठे मांडायचे. शिवता शिवता तिला तपासता येतं.

दुसरी: नानी किंवा दादी एक गोष्ट सांगेल, तिच्या बोलीत. मूल तिचं चित्र काढेल आणि खाली जमतील त्या भाषेत तीन ओळी लिहील. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही.

तिसरी: घरातलं वाचन. बिस्किटाच्या पुड्यावरची किंमत आणि तारीख, विजेचं बिल, रेशनकार्डावरची नावं, कॅलेंडर. दहा शब्द शोधायचे. मराठी, इंग्रजी, उर्दू, जे सापडेल ते.

चौथी: वेळ. घड्याळाकडे बघून सांग, जोहरची अजान किती वाजता झाली, असरची किती वाजता, मधे किती वेळ गेला? रोजच्या घरातली वजाबाकी आहे ही. शेजारच्या घरात हेच शाळा सुटण्याच्या घंटेवर, कारखान्याच्या भोंग्यावर किंवा एसटीच्या वेळेवर होईल.

पाचवी: अब्बासाठी. होय, अब्बासाठी. पाळीवरून आल्यावर दहा मिनिटं: आज मागावर किती मीटर कापड निघालं, काल किती, फरक किती? मूल विचारेल, अब्बा सांगेल, मूल लिहील.

बाकी दिवस खेळ. पावसाच्या पाण्यात कागदी होडी सोडणं हीसुद्धा कृती आहे, फक्त तिचा फोटो मागू नका.

हा काही माझा शोध नाही. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ नावाचं शाळापूर्व तयारी अभियान घेतलं. त्यात वस्त्यांवस्त्यांत मातांचे गट केले आणि घरातल्या वस्तूंनी करायच्या छोट्या कृतींची आयडिया कार्डं दिली. आईकडे जे आहे, तिथून सुरुवात. सरकारी शाळांना हे सुचतं, आणि भरमसाट फी घेणाऱ्या शाळांना आइस्क्रीमच्या काड्या सुचतात.

काहींचं म्हणणं, शिक्षकांवर वरून दबाव असतो. मान्य. फोटो मागणारी शिक्षिका बहुतेक वेळा स्वतः कुणाला तरी ते फोटो पाठवत असते. माझं भांडण तिच्याशी नाही. साखळीच्या टोकाला जो फोटो मोजतो आणि त्याला शिक्षण म्हणतो, त्याच्याशी आहे. फोटो मोजले की फोटोच वाढतात. आमच्या क्षेत्रात हा रोजचा अनुभव आहे. जे मोजाल त्यासाठी लोक काम करतात, आणि ज्यासाठी मोजायला सुरुवात केली, ते बाजूला राहतं. कोलाज सुंदर येतो. मूल वाचायला शिकलं का, हे कोलाज सांगत नाही.

दुसरं म्हणणं, अशाने आपली मुलं स्पर्धेत मागे पडतील. चमकीचं घर बनवून कोण पुढे गेलं आहे? मागे पडतात ती न वाचता येणारी मुलं. आणि वाचणं शिकवायला लागतो शिक्षक, वर्ग आणि रोजचा सराव. बुडालेला दिवस शाळेने पुढच्या शनिवारी भरून द्यावा. तो खरा भरणा.

आता आपल्याकडे वळू

शाळेला बोल लावून हात झटकता येणार नाहीत. कागदावर ‘आईसोबत’ असं लिहिलेलं असतं, त्याला आपल्या घरांची संमती असते. मुलाचा अभ्यास हे बाईचं काम, हे शाळेने आपल्याला शिकवलेलं नाही. आई नसेल तर बहीण. आठवीतली मुलगी स्वतःची वही मिटून धाकट्या भावाचा कोलाज करत बसते, आणि दहावीला तिला कमी मार्क पडले, की लग्नाची बोलणी सुरू होतात. त्या कोलाजची किंमत कुठे मोजली जाते?

आणि ज्याच्या खिशात थोडे पैसे येतात, तो काय करतो? पहिलीपासून ट्यूशन लावतो. शाळा, मग अरबीचा तास, मग ट्यूशन. सहा वर्षांचं मूल संध्याकाळी सातला घरी येतं आणि आपण अभिमानाने सांगतो, बच्चा बहोत बिझी है. शाळेने स्वतःचं काम घरावर टाकलं, घराने ते पैसे देऊन तिसऱ्यावर टाकलं. मुलाला कुणीच विचारलं नाही. ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्यांच्या डोक्यावर तेवढी लाज उरली.

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या पिढीची यात एक जागा आहे, आणि ती रिकामी आहे. आपण गावी जातो तेव्हा भाच्यांना टॅब देतो, मार्क विचारतो आणि परत येतो. आपाला प्रमाणपत्रावरची इंग्रजी वाचून दाखवतो. पालकसभेला तिच्याबरोबर कधी जात नाही. तिथे ती एकटी बसते, मागच्या बाकावर. पुढे जे बोललं जातं त्याला मान हलवते, कारण उलट प्रश्न विचारायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.

प्रश्न विचारायची जागा कायद्याने दिलेली आहे. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. नगरपालिकेच्या उर्दू शाळांनाही हेच लागू आहे. खासगी शाळांत शिक्षक-पालक संघ असतो. कागदावर या समित्या जिवंत आहेत. त्यांत आपली माणसं किती आहेत, आणि जी आहेत ती सही करण्यापलीकडे काय करतात, हे आपापल्या गल्लीत जाऊन पाहा.

तिथे मागायच्या गोष्टी फार नाहीत. घरी शिकण्याचा कागद एका पानाचा असावा, प्रिंट न काढता चालणारा. पहिली-दुसरीसाठी तासाभराहून जास्त काम नको. सूचना पालकांना कळणाऱ्या भाषेत, मराठी किंवा उर्दूत, आणि सोबत शिक्षिकेच्या आवाजातला दोन मिनिटांचा निरोप. म्हणजे न वाचणाऱ्या आईलाही पोचेल आणि रात्री फोन घरी आल्यावरही ऐकता येईल. फोटोची सक्ती नको. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला शिक्षिकेने विचारावं, काल नानीने कुठली गोष्ट सांगितली? त्या एका प्रश्नाने मुलाला कळेल, की घरचं शिकणं शाळेला चालतं. आणि ‘आईसोबत’च्या जागी ‘घरातल्या मोठ्यांसोबत’ असं लिहावं.

शाळेकडे मागायचं तेवढं झालं. आता मोहल्ल्याचं काम. बहुतेक गावांत आपल्या मुलांनी स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका काढल्या आहेत. चांगलं केलं. तिथे सकाळी दहा ते बारा बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. शाळा बंद असेल त्या दिवशी ते दोन तास प्राथमिकच्या मुलांना द्या. एमपीएससीचा अभ्यास करणारी दोन मुलं-मुली, दोन चटया, काड्यांचे गठ्ठे, बालभारतीची जुनी पुस्तकं, एक फळा. गल्लीतली सगळी मुलं, कुठल्याही शाळेची, कुठल्याही आडनावाची. त्या दोन तासांत आपाचे नगही बुडणार नाहीत आणि आठवीतल्या मुलीची वहीही मिटणार नाही. यासाठी ट्रस्ट नोंदवायला नको, देणगीची पावती नको, उद्घाटनाला पाहुणा नको. किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारायला हवं.

पुढचा पावसाचा इशारा येणारच आहे. त्याच्या आधी शाळेची पालकसभा होईल. तिची तारीख बहिणीला, भावजयीला किंवा बायकोला विचारून घ्या, एक दिवसाची रजा टाका आणि तिच्याबरोबर पहिल्या बाकावर बसा. बोलायला तिला लावा. कागदातलं काय जमतं आणि काय जमत नाही, हे तुमच्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे.